जागा आहे, पण नोंदवहीत पान नाही

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कचेरीतला मेल सर्व्हर रात्री अकराला अडकला. पडद्यावर एकच तक्रार: डिव्हाइसवर जागा उरलेली नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलानं डिस्क तपासली तर ती जवळजवळ निम्मी मोकळी. त्यानं चार मोठ्या लॉग फाइली उडवल्या. मिनिटभर मेल हलले आणि पुन्हा तीच तक्रार. मला फोन आला तेव्हा मीही, डिस्कच गेली असणार, असं ठोकून दिलं. खरं कारण सापडायला दीड तास गेला. लिनक्समध्ये मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा आम्ही दहा वेळा चालवली होती, पण तिच्यापुढे ‘आय’ हे अक्षर जोडायचं कोणाला सुचलं नव्हतं. जोडलं, आणि उत्तर आलं: इनोड वापर १०० टक्के. प्रत्येक मेलची वेगळी फाइल, अशा लाखो चिमुकल्या फाइली, आणि दर फाइलीमागे नोंदीचा एक कागद. ते कागद संपले होते. जमीन पडीक होती, पण सातबारा लिहायला वहीत पान नव्हतं.

फाइल सिस्टिमांची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींची, तुलना करणाऱ्या तक्त्यांत हा प्रकार सहसा सापडत नाही. तिथं ईएक्सटी४ एक एक्साबाइटपर्यंत, एक्सएफएस आठ, बीटीआरएफएस सोळा, असे आकडे ओळीनं मांडलेले असतात. एक एक्साबाइट म्हणजे साधारण दहा लाख टीबी. घरी चार टीबीची डिस्क असलेल्या माणसानं यातून काय बोध घ्यायचा? माझ्या मते कमाल आकाराचा रकाना हा त्या तक्त्यातला सर्वांत निरुपयोगी रकाना. माणसाची वाट अडवतात ते छोटे आकडे: जागेचा लहानात लहान तुकडा केवढा, नोंदी किती, फाइलीची लांबी लिहायला किती घरं, नाव किती लांब चालतं. म्हणून आढावा घ्यायचा तो त्यांचाच.

सुरुवात फॅटपासूनच करावी लागते. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी डिस्क बेसिकसाठी ही रचना केली, टिम पॅटरसन यांनी तिच्यात फेरफार करून ती आपल्या ८६-डॉसमध्ये घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीच्या पाठीवर बसून ती जगभर गेली. कल्पना शेतजमिनीचे प्लॉट पाडण्याइतकी साधी. डिस्कचे सारखे तुकडे करायचे, त्यांना क्लस्टर म्हणायचं. मग एक तक्ता ठेवायचा आणि त्यात प्रत्येक क्लस्टरसमोर ‘या फाइलीचा पुढचा क्लस्टर अमुक’ एवढाच आकडा लिहायचा. फाइल वाचायची म्हणजे पहिला क्लस्टर गाठून आकड्यामागून आकडा धरत शेवटापर्यंत जायचं. एका क्लस्टरवर दोन फाइली नांदत नाहीत. फाइल एका अक्षराची असली तरी अख्खा क्लस्टर तिच्या नावावर.

सगळी मेख त्या तक्त्यातल्या एका घराच्या रुंदीत आहे. सुरुवातीला घर बारा बिटांचं होतं, म्हणजे फार तर चार हजारांच्या आसपास क्लस्टर. फ्लॉपीला ते पुरून उरत. १.४४ एमबीच्या फ्लॉपीचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एकूण २,८८० सेक्टर. त्यातला एक बूट सेक्टर, तक्त्याच्या दोन प्रतींना १८, मुख्य यादीला १४. उरले २,८४७, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. ज्यांनी त्या काळात फ्लॉप्यांना फॉरमॅट मारले आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे हा आकडा अजून येत असेल. यादीच्या त्या १४ सेक्टरांत बरोबर २२४ नोंदी मावत, कारण एक नोंद ३२ बाइटांची. २२५वी फाइल सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवायला गेलात की नकार, मग फ्लॉपी निम्मी रिकामी का असेना. आमच्या मेल सर्व्हरचा आजार असा जुना आहे.

हार्ड डिस्क आली तशी घरं सोळा बिटांची झाली. १९८४ मध्ये डॉस ३.० बरोबर फॅट१६ आली, पण डिस्कवरचे एकूण सेक्टर मोजणारा आकडाही सोळाच बिटांचा होता. ६५,५३५ गुणिले ५१२ म्हणजे ३२ एमबी. त्याहून मोठी डिस्क घेतली तर तिचे तुकडे पाडून सी, डी, ई अशी ड्राइव्हं करायची. कॉम्पॅकनं १९८७ मध्ये आपल्या डॉस ३.३१ मध्ये तो आकडा रुंद केला, पुढच्या वर्षी डॉस ४ मध्ये तो सगळ्यांना मिळाला. क्लस्टरांची संख्या मात्र ६५ हजारांपुढे जाईना. मग उपाय एकच: डिस्क मोठी तर क्लस्टर मोठा. ५१२ एमबीच्या वर गेलं की १६ केबीचा, एक जीबीच्या वर ३२ केबीचा. डॉसला याहून मोठा क्लस्टर झेपत नव्हता, म्हणून दोन जीबीला गाडी थांबली.

३२ केबीचा क्लस्टर म्हणजे काय, ते नव्वदच्या दशकात डीटीपी करणाऱ्यांना विचारावं. एका पानाचं पत्र दोन केबीचं, पण डिस्कवर त्याच्या नावानं ३२ केबी. सरासरीनं दर फाइलीमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरलं, तर दहा हजार फाइलींमागे १६० एमबीच्या आसपास जागा नुसती हवा भरून ठेवायला. एक जीबीला काय पैसे पडत ते आठवून बघा. म्हणून लोक शहाणपणानं एक काम करत: दोन जीबीच्या डिस्कचे मुद्दाम चार तुकडे पाडत, म्हणजे क्लस्टर आठ केबीचा राहतो आणि तेवढीच जागा वाचते.

ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या आवृत्तीत फॅट३२ आली आणि ही कटकट मिटली. नावात ३२ असलं तरी क्लस्टर मोजायला त्यातले २८च बिट वापरतात, पण २६ कोटींहून जास्त क्लस्टर कोणालाही पुरावेत. आठ जीबीपर्यंतच्या डिस्कला पुन्हा चार केबीचा क्लस्टर मिळाला. मात्र फाइलीची लांबी लिहिण्याचा रकाना जुनाच, ३२ बिटांचा, तसाच ठेवला गेला. म्हणजे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, चार जीबीला एक बाइट कमी. १९९६ मध्ये एवढी फाइल कोणाकडे होती? आज लग्नाचा व्हिडिओ सेकंदाला आठ मेगाबिटनं ठेवला तरी एकाहत्तर-बहात्तर मिनिटांत ती रेघ ओलांडतो. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा, व्हिडिओ पाच जीबीचा, आणि कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं उत्तर: हा अनुभव घरटी एकाला तरी आला असेल. अनेक कॅमेरे चार जीबीला फाइल तोडून पुढची सुरू करतात ते याच कारणानं. मंगलाष्टकं एका फाइलीत आणि सप्तपदी दुसऱ्या फाइलीत निघाली तर फोटोग्राफरला बोल लावू नये.

फॅट३२ ची आणखी एक मर्यादा अशी आहे की ती मर्यादाच नव्हे. ही फाइल सिस्टिम ५१२ बाइटांच्या सेक्टरवर दोन टीबीपर्यंत जाते, पण विंडोजची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या पुढे फॅट३२ करूच देत नव्हती. ती खिडकी लिहिणारे मायक्रोसॉफ्टचे माजी अभियंते डेव्ह प्लमर यांनी २०२४ मध्ये सांगितलं की किती जागा वाया गेलेली चालेल याचा अंदाज बांधून त्यांनी तो आकडा तेव्हापुरता टाकला होता. तेव्हापुरता टाकलेला आकडा पंचवीस-तीस वर्षं कायदा म्हणून वावरला. संगणकशास्त्रात अशी उदाहरणं पैशाला पासरी मिळतात.

चार जीबीच्या भिंतीवरचा उतारा म्हणजे एक्सफॅट. २००६ मध्ये ती विंडोज सीईबरोबर आली, २००९ मध्ये ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडी कार्डांसाठी ठरली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचा आराखडा खुला केल्यावर लिनक्समध्येही नीट रुजली. पेनड्राइव्हला आज हीच लावावी, यात मला शंका नाही. एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. ३२ जीबीच्या वर विंडोज एक्सफॅटला आपणहून १२८ केबीचा क्लस्टर देते. व्हिडिओला ते सोयीचं. पण दोन-दोन केबीच्या एक लाख फाइली तिथं टाकल्या, तर २०० एमबीचा मजकूर १२ जीबी जागा खातो. नव्वदच्या दशकातला रोग चौपट होऊन परत आला, फक्त डिस्क स्वस्त झाल्यामुळे कोणी ओरडत नाही. शिवाय एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणजे कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर काय अर्धवट राहिलं ते तिला सांगता येत नाही.

ॲपलची १९८५ ची एचएफएसही याच ६५ हजारांच्या खोड्यात अडकली होती आणि १९९८ च्या एचएफएस प्लसनं ती सोडवली. गोष्ट तीच, म्हणून पुढे जाऊ.

युनिक्सवाल्यांनी मुळात वेगळा रस्ता धरला होता. फाइल म्हणजे साखळी नव्हे, तर एक कार्ड. त्याला इनोड म्हणतात. फाइल कोणाची, केवढी, कधी बदलली, आणि तिचे ब्लॉक कुठे कुठे आहेत, हे सगळं त्या कार्डावर. लिनक्ससाठी रेमी कार यांनी केलेल्या ईएक्सटी२ मध्ये, म्हणजे १९९३ मध्ये, कार्डावर पंधरा पत्ते असत. पहिले बारा थेट ब्लॉकांचे. तेरावा पत्ता पत्त्यांनी भरलेल्या ब्लॉकाचा. चौदावा अशा ब्लॉकांच्या यादीचा, पंधरावा त्या याद्यांच्या यादीचा. एक केबीच्या ब्लॉकात २५६ पत्ते मावतात, म्हणून २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ केबी, म्हणजे १६ जीबी, ही एका फाइलीची कमाल. ब्लॉक चार केबीचा केला की याच गणितानं चार टीबी यायला हवेत. पण येतात दोनच. कारण त्याच कार्डावर ‘या फाइलीनं किती जागा घेतली’ हा आकडा ५१२ बाइटांच्या मापात, ३२ बिटांत लिहिलेला आहे. पत्ते चार टीबीपर्यंत पोहोचतात, हिशोबाचा रकाना दोनलाच भरतो. मला हा तपशील फार आवडतो.

२००८ मध्ये स्थिर म्हणून आलेल्या ईएक्सटी४ नं पत्ते लिहिण्याची रीतच बदलली. दर ब्लॉकाचा पत्ता लिहिण्याऐवजी ‘अमुक ठिकाणापासून सलग इतके’ असं लिहायचं. याला एक्स्टेंट म्हणतात. एका एक्स्टेंटमध्ये चार केबीचे ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी बसतात. जुन्या पद्धतीत तेवढ्यासाठी बत्तीस हजार पत्ते लागत, इथं बारा बाइटांची एक नोंद पुरते. एका फाइलीची मर्यादा १६ टीबीवर गेली. पण इनोडची संख्या? ती अजूनही फॉरमॅट मारतानाच ठरते. वेगळं काही सांगितलं नाही तर दर १६ केबीमागे एक. १०० जीबीच्या विभागात ६५,५३,६०० कार्डं, त्यावर एकही नाही. तुमच्या फाइली सरासरी १६ केबीपेक्षा लहान असतील तर जागा संपायच्या आधी कार्डं संपणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं असतं. मग विभाग वाढवून त्या प्रमाणात नवी कार्डं मिळवा, नाहीतर सगळं दुसरीकडे हलवून पुन्हा फॉरमॅट मारा. त्या रात्री आम्ही काय केलं विचाराल तर तिसराच उपाय: जुन्या मेलच्या फाइली वर्षावार एकेका मोठ्या फाइलीत बांधून टाकल्या.

ईएक्सटी४ आणखी पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. चार टीबीच्या डिस्कवर हे २०० जीबी होतात. ही रीत १९८४ च्या बर्कली फास्ट फाइल सिस्टिमपासून चालत आली आहे. मॅककुसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांच्या त्या रचनेत दहा टक्के जागा मोकळी ठेवत, कारण डिस्क काठोकाठ भरली की सलग जागा मिळेनाशी होते आणि सगळंच मंदावतं. त्याच रचनेत त्यांनी वाया जाणाऱ्या जागेवरही तोड काढली होती: ब्लॉक मोठा, पण फाइलीच्या शेपटासाठी त्याचे लहान तुकडे करण्याची मुभा. डॉसच्या जगात लोक ३२ केबीच्या क्लस्टरनं हैराण असताना हा उपाय दहा वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध होता. ज्या डिस्कवर नुसते फोटो आणि सिनेमे आहेत तिथं ती पाच टक्क्यांची राखीव जागा खुशाल एकवर आणावी. ज्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे तिथं तिला हात लावू नये.

एक्सएफएसनं इनोडचा प्रश्न मुळातून काढला. सिलिकॉन ग्राफिक्सनं १९९४ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाहेर आणली, २००१ मध्ये ती लिनक्सवर आली. इथं कार्डं आधी छापून ठेवत नाहीत, लागतील तशी करतात. मोकळ्या जागेच्या नोंदी दोन झाडांत ठेवलेल्या: एक ठिकाणाप्रमाणे, एक आकाराप्रमाणे. ‘याच्या शेजारी जागा आहे का’ आणि ‘एवढी सलग जागा कुठे आहे’ हे दोन्ही प्रश्न चटकन सुटतात. रेड हॅटनं २०१४ मध्ये आपल्या सातव्या आवृत्तीत तिलाच पहिली पसंती दिली. उणीव एक, आणि ती मोठी: विभाग वाढवता येतो, कमी करायची सोय जवळजवळ नाही.

विंडोजची एनटीएफएस १९९३ ची, आणि वयाच्या मानानं फारच दणकट. तिच्यातही नोंदीचं पान एक केबीचं असतं, पण फाइल काही शे बाइटांची असेल तर ती वेगळा क्लस्टर न घेता त्या पानावरच उतरवली जाते. दोन ओळींची नोटपॅड फाइल करून तिच्या प्रॉपर्टीज बघा, ‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसेल. तिची अडचण दुसरीकडे आहे. ती क्लस्टर ३२ बिटांत मोजते, म्हणून नेहमीच्या चार केबीच्या क्लस्टरवर विभाग १६ टीबीला थांबतो. बारा टीबीचा विभाग पुढे वीस टीबी करायचा बेत असेल तर आधीच क्लस्टर मोठा घ्यावा लागतो, आणि तो चार केबीच्या वर नेला की फाइली आक्रसून ठेवण्याची एनटीएफएसची सोय बंद होते.

झेडएफएसबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे तिचे १२८ बिट. तिचे एक जनक, सन कंपनीचे जेफ बॉनविक यांनी गणित करून दाखवलं होतं की एवढी साठवण भरायला लागणारी ऊर्जा महासागर उकळायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त होईल. मजेशीर आहे, पण झेडएफएस घेण्याचं ते कारण नव्हे. कारण हे की ती लिहिलेल्या प्रत्येक ब्लॉकाची पडताळणी करते आणि जुन्यावर नवं गिरवत नाही. बदल नेहमी नव्या जागी लिहायचा आणि मग पत्ता फिरवायचा, ही पद्धत झेडएफएस, बीटीआरएफएस आणि ॲपलची २०१७ ची एपीएफएस या तिघींत आहे. तिची किंमत अशी की फाइल पुसायलाही थोडी जागा लागते, कारण ‘पुसली’ ही नोंदही नव्या जागीच लिहायची. म्हणून झेडएफएस थोडी जागा स्वतःसाठी दडवून ठेवते, आणि ती ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नये असा जाणत्यांचा सल्ला असतो. बीटीआरएफएस जागा एकेक जीबीच्या ढेपांत वाटते, मजकुराच्या ढेपा वेगळ्या आणि नोंदींच्या वेगळ्या. सगळ्या ढेपा मजकुराला वाटून झाल्या तर त्या आतून अर्ध्या रिकाम्या असतानाही नोंदींना जागा मिळत नाही. अलीकडे ती हे बरंच सांभाळून घेते, पण अर्ध्या रिकाम्या ढेपा आवरून मोकळ्या करणारी ‘बॅलन्स’ ही आज्ञा माहीत असल्याशिवाय सर्व्हरवर तिच्या वाटेला जाऊ नये. एपीएफएसवर मोठ्या फाइली पुसूनही जागा वाढली नाही, तर ती बहुधा जुन्या स्नॅपशॉटनं, म्हणजे डिस्कच्या आधीच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या नोंदीनं, धरून ठेवलेली असते.

राहिली नावांची गोष्ट, आणि ती खास आपली आहे. विंडोजच्या एनटीएफएसवर फाइलीचं नाव २५५ चिन्हांचं चालतं, ईएक्सटी४ वर २५५ बाइटांचं. इंग्रजीत दोन्ही सारखंच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र लिनक्सवर तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, संगणकाला अकरा चिन्हांचा, ईएक्सटी४ ला ३३ बाइटांचा. मधे एकेक जागा सोडून हा शब्द एनटीएफएसवरच्या नावात एकवीस वेळा बसतो, लिनक्सवर सात वेळा. जुने दिवाळी अंक किंवा हस्तलिखितं स्कॅन करणारी मंडळी फाइलीच्या नावातच ग्रंथ, कर्ता, शक, प्रकाशक आणि पानं असं सगळं लिहितात. विंडोजवर ते निमूट चालतं. तोच फोल्डर लिनक्सवरच्या नेटवर्क डिस्कवर टाकला की मधल्याच काही फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून मागे राहतात, आणि हजारो फाइलींच्या गर्दीत त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत. अशा डिस्कवर फोल्डर एनक्रिप्ट केला तर काही ठिकाणी ही मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे देवनागरीची फक्त ४७ चिन्हं. असं काम हाती असेल तर नावं चाळीस चिन्हांच्या आत ठेवा, बाकी तपशील वेगळ्या यादीत लिहा, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजून बघितल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.